येतो म्हणून गेलेला झोराक

नाय पण तुमीच सांगा राव, माणूस 'येतो' म्हणून घराबाहेर पडला तर त्याची वाट बघायची का न्हाई? बघायची ना? मग मी काय येगळं केलं? तीन दिवस… तीन दिवस दारात उभा व्हतो मी, तुमाला सांगतो, आन् आमचं चिरंजीव फोनवर माझ्यावरच वराडतंय, "आबा, तुम्ही गेम अडवून ठेवलाय!" अडवून? अरं, मी काय हायवेला बटाट्याची ट्रॉली आडवी लावली का काय? वाट बघत व्हतो. जहाजाच्या दारात. मंगळाच्या पल्याड.

आता ह्ये मंगळाच्या पल्याडचं काय ते आधी सांगतो, न्हाईतर तुमी म्हणाल, पेठंच्या हौशीरामचं डोस्कं फिरलं. तर गोरख, माझा पोरगा, पुण्यात गेमच्या कंपनीत हाय. ल्हानपणी "खेळ सोड आन् अभ्यास कर" म्हणून मी त्याला किती बडवला, आन् आता खेळाचाच पगार घेतोय, माझं काय चाललं? त्यांनी एक आकाशातल्या जहाजाचा गेम केलाय, आन् त्यातलं मराठी बोलणं लिवायचं काम गोरखकडं. दिवाळीत एक दिस एकटाच आला तवा त्याचा जुना कंप्युटर घेऊन आला, म्हणला, "आबा, तुम्ही खेळा आणि मराठी कुठं खटकतं ते सांगा. तुम्हाला काय, दुपारी रिकामाच वेळ असतो." रिकामा! दोन जर्सी गाया हायेत, वावरात बटाटा हाय… पण असतो म्हणा रिकामा. धारा काढल्या, दूध डेरीला घातलं, भाकरी थापली… म्हणजे जो काय आकार व्हतो त्याला मी भाकरी म्हणतो… ती खाल्ली की जी दुपार घरात येऊन बसती, ती काय केल्या उठत न्हाई.

कारण आमची मंडळी पुण्यात. कुशाबाई. नातीला सांभाळायला तीन म्हैन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता दीड वरीस झालं. आधी आरतीची, म्हंजी सुनंची, ड्युटी चालू झाली. मग नातीला गोवर निघाला. मग नात बालवाडीत गेली, ती रुळली की येते म्हणली. आता बालवाडी समदी रुळली, एक नात तेवढी राह्यली. आन् मी जाऊ म्हणलं तर गाया कुणाच्या दावणीला बांधू? तर असं हाय. ती तिकडं, मी हिकडं. कॅप्टनला कोण इचारतंय!

हां, कॅप्टन म्हंजी मी. गेममधी मी जहाजाचा कॅप्टन, ऐका तर. आन् माझ्याबरुबर दोघं जण. एक यामिनी, जहाजाची मेस्तरीण, नाकात बोलती, हातात कायम पाना. दुसरा झोराक, आकाशातल्या कुठल्याशा गोळ्यावरचा फौजी, अंगानं निळा, चार हात, आवाज असा की पंपाची मोटार कोरडी चालावी. मी म्हणलं, बरं झालं, बोलायला दोन माणसं मिळाली. तर कशाचं काय! ती दोघं बोलतात, पण एकमेकांशी! मी फुडं चाललोय आन् माझ्या पाठीमागं ह्यांचं चालू…

"झोराक, माझ्या पेटीतला बारा नंबरचा पाना कुठाय?"

"मला काय माहीत?"

"चार हात आहेत तुला, एका तरी हातात असेल, बघ!"

"चारही हात तुझ्याच जहाजाला ठिगळं लावण्यात अडकलेत, बाई!"

मी मधीच थांबलो ना राव. ह्ये तर आमचंच घर! "अवं, अडकित्ता कुठं ठिवला?" "तू ठिवलास तिथंच हाय." "मी ठिवला असता तर इचारलं असतं का?" "मग इचारू नको!" चाळीस वरसं, पावणं, चाळीस वरसं ह्यो अडकित्ता हरावतोय, आन् ती पुण्याला गेल्यापास्नं एकदाबी हरावला न्हाई. खिळ्याला लटकलाय तसाच. सुपारी खायलाच मजा येईना झालीय.

बरं, ती दोघं भांडत असताना कॅप्टननं मधी बोलायचं न्हाई. लईच झालं तर खाली तीन वाक्यं लिवून येतात, त्यातलं एक निवडायचं. पहिलं गोड असतं, मनातलं. दुसरं गमतीचं. तिसरं आखूड आन् तिरकं. म्या कायम तिसरंच दाबायचो. एक तर वाचायला कमी, आन् दुसरं म्हंजी, आपल्या तोंडी तेच शोभतं! मग कोपऱ्यात लिवून येतं, 'यामिनी नाराज झाली.' 'झोराक नाराज झाला.' आता ह्यो शोध मातूर झकास हाय. चाळीस वरसांत आमच्या घरात कोपऱ्यात एकदा जरी असं लिवून आलं असतं… मला कवाच कळलं न्हाई राव. तिनं भांडी आदळली की मी म्हणायचो मांजर आलं.

ती दोघं बोलतात पण मी चालत असलो तरच. थांबलो की गप. मग मी काय केलं, मोहीम गेली उडत, नुस्ता चालायला लागलो. इंजिनापास्नं मोरीपातुर, मोरीपास्नं इंजिनापातुर. जेवण झालं की बसायचो आन् चालायला लागायचो. म्हैनाभर, तुमाला सांगतो! आमचा शेजारी बहिरू एकदा डोकावला, म्हणला, "दादा, काय चाललंय?" म्हणलं, "चालतोय." त्यो माझ्या पायाकडं बघून गेला.

आन् एक दिस दोघं गप. मी चालतोय, ती मागनं येतायत, पर एक अक्षर न्हाई. फेऱ्या मारल्या, पळून बघितलं, मुद्दाम भिंतीला धडकलो… न्हाईच! गोरखला फोन लावला. "अरं, ह्यांचं बिनसलं का काय? बोलत न्हाईत." त्यो हसला. "आबा, डायलॉग संपले. तेवढेच लिहिले होते. पुढची मोहीम खेळा, नवीन येतील." संपले! बोलणं संपतं का कुठं? आमचं चाळीस वरसं… आन् मग माझं मलाच आठावलं, रोजचा फोन आमचा काय असतो? "जेवला का?" "जेवलो." "गाया?" "बऱ्या हायेत." "ठिवू?" "ठिव." आमचं बी तेवढंच उरलंय की, राव. आन् ते मोबाइलवर तोंड दिसणारं बोलणं करतात ऐतवारी, त्यात नात नाचती, गोरख हसतो, आरती कुकर बघायला पळती, आन् कुणीतरी मोबाइल पालथा ठिवतं, मग मी पंधरा मिनटं अंधाराशी "हॅलो, हॅलो" करत बसतो. कॅप्टनला कोण इचारतंय!

तर आता 'येतो'चं सांगतो. ह्यो झोराक जहाजाबाहेर निघाला की म्हणायचा, "मी जातो, कॅप्टन." पहिल्यांदा ऐकलं आन् माझ्या काळजात चर्र झालं. घरातनं निघताना 'जातो' म्हणतं का कुणी? आमच्यात 'जातो' म्हणलं की आई पाठीत धपाटा घालायची, "येतो म्हण मुडद्या!" गोरखला सांगितलं, ह्ये बदल, ह्ये मराठी न्हाई. त्यो म्हणला, "बरोबर आहे आबा, हे माझ्या लक्षातच नाही आलं," आन् पुण्यात बसूनच एका झटक्यात समदीकडं 'जातो'चं 'येतो' केलं. पोरगं पहिल्यांदा मला बरोबर म्हणलं, माझी छाती ही एवढी फुगली! पर समदीकडं बदललं त्यानं. समदीकडं! घोळ झाला त्यो तिथंच.

मी फुडची मोहीम खेळलो, ती दोघं परत बोलाय लागली, बरं चाललं व्हतं. तेवढ्यात जहाजाला लागली आग, आन् कुणीतरी बाहेर जाऊन नळकांडं बंद करायचं. झोराक म्हणला, मी करतो. दारात गेला आन् वळून म्हणला, "कॅप्टन… काही बोलायचंय?" आली खाली तीन वाक्यं. पहिलं, 'थांब झोराक, तुझ्याशिवाय इथं करमणार नाही.' दुसरं, 'परत आलास की पान्यांची पेटी तुझी.' तिसरं, 'उशीर करू नको.' मी कुठलं दाबलं असंल? त्येच! झोराकनं जरा वेळ माझ्याकडं बघितलं, म्हणला, "येतो, कॅप्टन." दार लागलं.

आता येतो म्हणलाय तर येणारच की! म्हणून मी उभा. यामिनी म्हणती, "कॅप्टन, निघायला हवं." म्हणलं, थांब गं बाई, येतो म्हणलाय. कंप्युटर बंदच केला न्हाई, न जाणो, आपुन नसताना यायचा. असं तीन दिस. चौथ्या दिशी गोरखचाच फोन, त्याला तिकडं बसून माझा गेम दिसतो, "आबा, पुढं का जात नाही तुम्ही?" म्हणलं, "झोराक यायचाय."

"आबा… झोराक मेला."

"मेला कसा? येतो म्हणून गेलाय!"

"अहो, तिथं 'जातो'च होतं! तुम्हीच बदलायला लावलंत!"

मी म्हणलं, ह्याला काय उपाव? तर त्यो म्हणतो, अगदी सहज, जेवता जेवता, "पहिला ऑप्शन घेतला असता ना, तर तो थांबला असता."

थांबला असता. मी फोन ठिवला आन् वट्यावर येऊन बसलो. आन् मला काय आठावलं सांगू? दीड वरसापूर्वीचा पेठंचा फाटा. बस आली, कुशाबाईनं पिशवी उचलली, म्हणली, "येते हां मग." आन् हलंचना! कंडक्टर बेल मारतोय आन् ही उभी, माझ्या तोंडाकडं बघत. मी काय म्हणलं असंल? "चढ, उशीर करू नको." अरं माझ्या कर्मा! ती पहिल्या वाक्यासाठी उभी व्हती, आन् मला कळाया दीड वरीस लागलं, ते बी एका निळ्या माणसाचा जीव घिऊन!

म्हणलं बास. आता पहिलं वाक्य बोलायचं. घसा खाकरला, पाणी प्यालो, टोपी घातली… फोनवर बोलायला टोपी कशाला, पर घातली… आन् लावला फोन. "जेवला का?" म्हणली. म्हणलं, "कुशे… तुझ्याबिगर मला हितं करमत न्हाई. तू ये." बोललो राव! उभ्या जन्मात पहिल्यांदा. मला वाटलं आता लाजंल. तर म्हणती, "अवं… छातीत दुखतंय का?"

"न्हाई गं."

"डावा हात जड झालाय का? खरं सांगा! असं कवा बोलत न्हाई तुमी! बसून ऱ्हावा, हलू नका, मी बहिरूभावजींला फोन करते!"

धा मिनटांत बहिरू फटफटी घिऊन दारात. "दादा, बोलू नका, दम लागंल." अरं, मला काय झालेलं न्हाई! "सगळे असंच म्हणतात," म्हणला, आन् मला मधी बसवून, मागं त्याच्या मेव्हण्याला बसवून मंचरच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरनं छातीला वायरी लावल्या, रगत काढलं, दाब बघितला, साखर बघितली. कुणी मला इचारलं का, बाबा तुला काय व्हतंय? कॅप्टनला कोण इचारतंय! पर मी बी गप पडून राह्यलो. का, तर बहिरू फोनवर बोलताना ऐकलं ना मी, "हां वैनी, निघालात का? बसमधी बसलात का?" निघाली व्हती राव! नात शाळंतनं आली की बघ म्हणून शेजारणीला सांगून, हाय त्या लुगड्यात निघाली व्हती. मी डोळं मिटून हिशेब लावतोय, आता भोसरी आली असंल, आता मोशी… रातच्याला काय करायचं, घरात गवार हाय, वांगी हायेत… लई बरं वाटत व्हतं. तेवढं बरं दीड वरसात वाटलं नव्हतं.

आन् रिपोर्ट आला. नॉर्मल! समदं नॉर्मल! एक आकडा म्हणून वाईट न्हाई. आन् त्या बहिरूला दम निघंना, डॉक्टरच्या तोंडातनं शबूद पडतोय तवर ह्यानं फोन लावला, "वैनी, काय न्हाई, दादा ठणठणीत हाईत, काळजी करू नका!" मी खाटंवरनं हात हालवतोय, अरं थांब, खेड येऊ दे, निदान खेड येऊ दे! तर ती चाकणात, निम्म्याच वाटंवर पोचली व्हती. चाकणात उतरली, समोरची पुण्याची बस धरली. नातीची शाळंची गाडी यायची व्हती ना. मला फोन केला तिनं बसमधनं, हसत व्हती, म्हणली, "जीव भांड्यात पडला बगा." बरं म्हणलं.

डॉक्टर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "हौशीराम, ह्या वयात असा रिपोर्ट यायला नशीब लागतं!" लागतं ना. आता असलं नशीब तुमच्यात कुणाला पायजे असंल तर पेठंला या आन् घिऊन जा, राव. कवाबी या, मी घरीच असतो.