मी म्हटलं, हाइ

...नाही, पण मला एक सांगा, माणसाला वर्षभरात एकच शब्द आला, तर त्याला भाषा आली म्हणायचं की नाही म्हणायचं? आमची ही म्हणते, नाही. मास्तर म्हणतात, "पाया पक्का झाला!" अहो, पाया पक्का झाला, कबूल, पण वर घर कुठंय? वर्षभर नुसता पाया, आणि मी त्या पायाच्या खड्ड्यात उभा, गळ्यापर्यंत!

तुम्हाला सांगतो, माझं चष्म्याचं दुकान. एकतीस वर्षं मी लोकांना समोरची अक्षरं वाचायला लावतोय. "खालची ओळ वाचा... आता बघा... हे बरं, की आधीचं बरं?" आणि लोक काय करतात माहितीये? दिसत काही नसतं, पण कबूल कोण करणार! डोळे बारीक करतात, मान तिरकी करतात, आणि देतात ठोकून. मला हसू यायचं. म्हणायचो, "अहो काका, दिसत नाही म्हणायला लाज कसली?" आता कळलं, लाज कसली ते. या वयात माझ्यावर तीच पाळी आली. आणि कुणापायी? नातीपायी.

नात माझी पावणेपाच वर्षांची. मी तिला बटाणी म्हणतो. लेक नोकरीला परदेशी गेली, तिकडचाच जावई केला. मुलगा गुणी आहे, नाव ठेवायला जागा नाही. तो माझ्याकडे बघून वाकतो, मी त्याच्याकडे बघून वाकतो, असा आमचा सासरा-जावयाचा संवाद. दोघं दिवसभर कामावर, आणि बटाणी तिकडच्या आजीकडे, म्हणजे आमच्या विहीणबाईंकडे. मग पोरगी बोलणार काय? जपानी! लेक म्हणते, "बाबा, शिकवणार आहे हो मी तिला मराठी, जरा वेळ मिळू दे." चार वर्षं झाली, वेळ अजून मिळतोच आहे! दर रविवारी सकाळी फोनवर बटाणी दिसते, "जीजी" म्हणून हाक मारते, म्हणजे आजोबा, मग हातवारे करत दीड मिनिट काहीतरी सांगते, डोळे मोठे करते, उडी मारते, जमिनीवर लोळून दाखवते... मी लेकीला विचारतो, "काय गं म्हणाली?" लेक म्हणते, "शाळा छान आहे म्हणते." अहो, दीड मिनिट! लोळून दाखवलं पोरीनं! कोण लोळलं, का लोळलं, कुणी उचललं, सगळं गाळून माझ्या वाट्याला काय, तर शाळा छान आहे!

आठ महिन्यांची असताना एकदा मांडीवर घेतली होती, तेवढीच. आणि लेकीनं सांगितलं, येत्या सुट्टीत तीन आठवडे घेऊन येते. तीन आठवडे! हिनं त्याच दिवशी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला, बटाणीच्या फ्रॉकांसाठी. मी म्हटलं, तीन आठवडे काय नुसतं एकमेकांकडे बघून वाकायचं? ठरवलं, जपानी शिकायचं. झालं! तिथं माझी साडेसाती सुरू झाली.

मास्तर मला मिळाले ते गिऱ्हाईक म्हणून. एका कारखान्यात बावीस वर्षं दुभाष्याचं काम केलं त्यांनी. तिकडचे इंजिनियर यंत्रं बसवायला यायचे, हे मध्ये उभे. आता रिटायर. नाकावर चष्मा असा, की डावा डोळा वरच्या मजल्यावर आणि उजवा तळमजल्यावर. मी म्हटलं, शिकवाल का? म्हणाले, "शिकवीन. पण माझ्या पद्धतीनं. घाई करायची नाही." घाई! तुम्हाला सांगतो, या माणसानं आयुष्यात घाई हा प्रकार पाहिलेलाच नाही.

शिकवणी कुठं? दुपारी दुकान बंद असतं तेव्हा, डोळे तपासायच्या खोलीत. मास्तर तपासणीच्या खुर्चीत बसणार, दांडी दाबून ती उंच करणार, आणि मी, दुकानाचा मालक, खाली स्टुलावर! आधी दहा मिनिटं मी त्यांच्या चष्म्याच्या काड्या सरळ करून द्यायच्या, मग ते अक्षरं लिहून भिंतीला चिकटवणार. आता खोली माझी लहान. तक्ता पाठीमागच्या भिंतीवर असतो आणि माणसानं तो समोरच्या आरशात बघायचा, म्हणून माझ्या तक्त्यावरची अक्षरंच उलटी छापलेली असतात. मास्तरांना हे कोण सांगणार? त्यांनी सुलटी लिहून पाठीमागं चिकटवली, मी सवयीनं आरशात बघितली, आणि तीन आठवडे... तीन आठवडे मी ती सगळी उलटी घोटली! सत्तावीस अक्षरं! शेवटी वही दाखवली, तर मास्तर बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "हात वळणदार आहे."

म्हटलं, मास्तर, लिहिणं राहू द्या, बोलायचं शिकवा. तर बोलायचं शिकवलं. पहिलं वाक्य काय असावं? "किकाइ गा तोमारिमाश्ता." म्हणजे? "यंत्र बंद पडलं." अहो, मी पावणेपाच वर्षांच्या पोरीला यंत्र बंद पडलं म्हणून काय सांगू! म्हणाले, "बावीस वर्षांत सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य आहे." दुसरं वाक्य, "हेरुमेत्तो ओ काबुत्ते कुदासाई." म्हणजे, कृपया हेल्मेट घाला!

पण तुम्हाला सांगतो, मी तेही वाया घालवलं नाही. त्या रविवारी बटाणी फोनवर आली, मी ताठ बसलो, घसा साफ केला आणि म्हटलं, "हेरुमेत्तो ओ काबुत्ते कुदासाई." पोरगी एकदम उठून पळाली. मला वाटलं, गेलं, घाबरली! आणि परत आली ती सायकलचं पिवळं हेल्मेट घालून, पट्टा हनुवटीखाली लावून! पूर्ण वेळ तशीच बसली. अहो, पहिल्यांदा मी काहीतरी बोललो आणि माझ्या नातीला ते कळलं! मी आत जाऊन तोंड धुऊन आलो, काय सांगू... तेव्हापासून दर रविवारी, मी दिसलो की पोरगी हेल्मेट घालूनच बसते. तिला वाटलं असेल, आजोबांशी बोलायचं म्हणजे घालावं लागतं.

मग आला पाठ तिसरा. मास्तर म्हणाले, "हा मुख्य पाठ. तिकडे समोरचा बोलत असताना गप्प बसलं, तर त्यांना वाटतं माणूस ऐकत नाही. आपण गोष्ट ऐकताना हुंकार देतो ना, तसा दर वाक्याला द्यायचा. मान हलवायची आणि म्हणायचं, हाइ." मी म्हटलं, "म्हणजे हो?" "हो पण, आणि नुसतं ऐकतोय असं पण." "मग त्यांनी ते कुठलं समजायचं?" म्हणाले, "ते पाठ सोळा. आपण पाठ तीनवर आहोत. म्हणा, हाइ."

मी म्हटलं, हाइ.

पाच महिने! पाच महिने पाठ तिसरा! मास्तर खुर्चीत उंच बसून जपानीत वाटेल ते बोलणार आणि मी खालून हुंकार देणार. एक अक्षर कळत नव्हतं, पण हुंकार असा जमला म्हणता! कुठं छोटा द्यायचा, कुठं लांबवायचा, कुठं भुवया उंचवायच्या, कुठं डोळे मिटून मान खाली... कधी कधी मास्तर बोलता बोलता गहिवरायचे. एकदा म्हणाले, "बावीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं बोललो हो, माझं कुणी ऐकलंच नव्हतं." आता यावर माणसानं काय म्हणायचं? मी म्हटलं, हाइ.

आणि मग तो रविवार. सुट्टीला सहा आठवडे राहिलेले. लेकीला अचानक कामावर बोलावलं, जावई बटाणीला पोहायला घेऊन गेलेले, आणि फोनवर कोण? विहीणबाई! एकट्या! नीट बसलेल्या, हात मांडीवर. माझ्या शेजारी ही. हिनं मला कोपरानं ढोसलं, "बोला ना, शिकवणी लावलीय ना!" आता बायकोसमोर माघार घ्यायची? मी वाकलो. विहीणबाई वाकल्या. आणि बोलायला लागल्या.

अहो, अठरा मिनिटं! आणि मी काय सुरात लागलो होतो त्या दिवशी! हाइ... हाऽइ... भुवया वर... हाइ. बाईंचा चेहरा उजळत चालला. मध्येच गुडघ्यावर हात ठेवला. मी म्हटलं, हाइ. मध्येच थांबल्या, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हाइ. परत थांबल्या, आणखी हळू काहीतरी म्हणाल्या, पुन्हा बघितलं. मी डोळे मिटून, मान खाली घालून, लांबलचक, हाऽऽइ! त्यांनी डोळे पुसले. मी चष्मा पुसला. शेवटी त्या इतक्या खाली वाकल्या की फोनवर नुसता अंबाडा दिसायला लागला, आणि मीही मागं राहतो की काय, कपाळ टेबलावर आपटेपर्यंत वाकलो!

फोन बंद झाला. हिचे डोळे चमकत होते. "काय म्हणाल्या हो?" आणि तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षांतली सगळी गिऱ्हाइकं माझ्या डोळ्यांपुढून गेली. मीही डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि दिलं ठोकून. म्हटलं, "म्हणाल्या... तयारी चाललीय. इकडे उकाडा फार असतो का, विचारत होत्या." ही म्हणाली, "अगं बाई!" आणि लगेच सुती फ्रॉक आणायला बाहेर पडली.

बुधवारी लेकीचा फोन. आवाज भरून आलेला. "बाबा, तुम्ही खरंच हो म्हणालात?" मी म्हटलं, कशाला गं? "सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, ऐन सुट्टीत. बटाणी जवळ असावी असं त्यांना फार वाटतंय. माझ्याशी बोलायचा त्यांना धीर होईना. तुम्हाला तीन तीन वेळा विचारलं म्हणे, यंदा नाही आली तर चालेल ना, पुढच्या वर्षी पाठवू. आणि तुम्ही... बाबा, त्या रडत होत्या. म्हणाल्या, आयुष्यात माझं इतकं समजून कुणी घेतलं नव्हतं. मला तुमचा इतका अभिमान वाटला ना! तिकिटं कालच रद्द केली. तुम्हाला वाईट तर नाही ना वाटलं?"

आता सांगा, काय सांगू? की अगं, मला एक अक्षर कळलं नाही? तुझ्या सासूचे आनंदाचे अश्रू मी एका अडाण्याच्या हुंकारावर उभे केलेत? नरड्याशी आलं होतं हो, यंत्र बंद पडलं म्हणून. पण तेही म्हटलं नाही. मी म्हटलं, हाइ.

हिला मात्र सांगावं लागलं. सुती फ्रॉक, तीन, कप्प्यात घड्या घालून ठेवलेले. मी सगळं सांगितलं, पाठ तिसरा, हुंकार, ठोकून दिलं ते, सगळं. मला वाटलं, घर डोक्यावर घेईल. तर हिनं एक फ्रॉक उलगडला, पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "म्हणजे पस्तीस वर्षं मी बोलते, तेव्हाही तुम्ही असंच करत होतात?"

अहो, या एका प्रश्नाला तरी हाइ म्हणायचं नाही एवढी अक्कल होती मला. पण गप्प बसलो, त्याचाही अर्थ तोच निघाला!

मग परवाचा रविवार. बटाणी आली. हेल्मेट घालूनच. पट्टा लावलेला. पण ना उडी, ना लोळणं. खाली बघत, हळू आवाजात बराच वेळ काहीतरी बोलली. मग थांबली आणि माझ्याकडे बघितलं. आता एवढं मला कळायला लागलंय हो, माणूस थांबला आणि बघायला लागला, की काहीतरी विचारलेलं असतं. पण काय विचारलंय? मी लेकीकडे बघितलं, ती खाली काहीतरी उचलत होती. पोरगी बघतेय. उत्तर तर द्यायला हवं. आणि माझ्याकडे आहे काय वर्षभराचं? यंत्र बंद पडलं. हेल्मेट घाला, तर ते तिनं आधीच घातलेलं!

मी म्हटलं, हाइ. चांगलं वाकून म्हटलं.

लेक एकदम वर आली. मी म्हटलं, "काय विचारलं गं तिनं?" "काही नाही बाबा." "शाळा छान आहे म्हणू नकोस. सांग." तर म्हणाली, "विचारत होती... मी आले नाही, तर जीजी मला विसरून जातील का?"

लेकीनं समजावलं हो तिला. खूप समजावलं. बटाणीनं ऐकून घेतलं, मान हलवली, अगदी माझ्यासारखी. मग हनुवटीखालचा पट्टा सोडला, हेल्मेट काढलं, टेबलावर नीट ठेवलं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर आले, दांडी दाबून खुर्चीत उंच बसले. मी चष्म्याच्या काड्या सरळ करता करता त्यांना सगळं सांगितलं. विहीणबाई, तिकिटं, फ्रॉक, हेल्मेट, सगळं. मास्तर हुंकार देत होते. छोटा, लांब, भुवया वर करून, सगळं अगदी पाठ तिसऱ्याप्रमाणे. संपलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी चष्मा घातला, पुन्हा वाकडाच बसला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पण उच्चार? उच्चार बरोबर झाला ना?"

मी म्हटलं, हाइ.