धावपट्टीखालचे पाइप

इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या आमच्या गावाबाहेर दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ ओस पडलेला होता. एका सप्टेंबरात त्याच्या धावपट्टीखाली स्फोटकांनी भरलेले पाइप सापडले आणि लष्कराने सगळ्या गावाला चर्चच्या सभागृहात आणून बसवलं. चहाच्या रांगेत विनी आणि मेव्हिस माझ्या पुढे होत्या. आज दोघी नाहीत, पण बोलणं अजून कानात आहे.

“पाइप आपल्याच लोकांनी पुरलेत गं, विनी. जर्मन उतरले, तर धावपट्टी उडवायला.”

“आणि युद्ध संपल्यावर काढायचे विसरले?”

“विमानं गेली, माणसं गेली. कोण लक्षात ठेवणार? पण आपण दर नोव्हेंबरला गावची शेकोटी पेटवतो, ती तिथंच ना?”

“बरोबर तिथंच. आमच्या पर्सीचं डोकं! म्हणे, काँक्रीट आहे, कसली भीती नाही.”

“अगं बाई! आहे कुठे तो?”

“सकाळी टर्कींना दाणा घालायला गेला, धावपट्टीवरच्या शेडमध्ये. अजून पत्ता नाही.”

“येईल गं. चहा घे.”

“घशाखाली उतरायचा नाही.”

तेवढ्यात दार उघडून विनीचा नवरा पर्सीच आत आला.

“विने, काढले सगळे पाइप! घरी चला.”

“मेल्या, होतास कुठे?”

“फाटकावर. ना आत सोडत होते, ना गावात. सैनिकांची बिस्किटं खात बसलो.”

“आणि इथे माझा जीव टांगणीला!”

“रडतेस काय? या वर्षी शेकोटी कुठे करायची, ते सांग.”

“तिथंच. अख्ख्या गावात खालून तपासलेली तेवढीच जागा आहे. मेव्हिस, दे गं तो चहा.”