प्रस्तावना सोडून कुठलंही पान

नाही नाही नाही, तिथे नको, पुढे चला... अहो, चारशे बारा पानांचं पुस्तक आहे, त्यात ड्रॅगन आहे, तीन राण्या आहेत, एक बोलणारी विहीर आहे, आणि तुम्ही उघडताय काय, तर प्रस्तावना! प्रस्तावना कुणी वाचतं का? मी जन्मात कुणाची वाचली नाही, तुम्हीही वाचली नसेल, मग नेमकी माझ्याच पुस्तकाची वाचायची हुक्की कशी येते लोकांना? तुम्हाला सांगतो, सकाळपासून या पुस्तक प्रदर्शनात सात जण आले माझ्या टेबलाशी आणि सातही जणांचं बोट तिथेच. प्रस्तावना सोडून कुठलंही पान उघडा, माझं काही म्हणणं नाही. उभे का? ती खुर्ची घ्या. शेजारच्या कॅलेंडरवाल्याची आहे, तो जेवायला गेलाय.

तर हे पुस्तक मी अकरा वर्षं लिहिलं. कुठे लिहिलं विचारा... दाताच्या दवाखान्यात! मी तिथे काउंटरला असतो, नावं लिहून घ्यायची, आत पाठवायचं, बाहेर आले की पुढची तारीख द्यायची. दोन पेशंटच्या मधे जो वेळ मिळतो ना, त्यात माझं अख्खं राज्य वसलंय. आत डॉक्टर कुणाची तरी दाढ काढतायत, तो माणूस असा काही ओरडतोय की भिंतीवरचं घड्याळ हलतंय, आणि बाहेर मी लिहितोय, 'ड्रॅगनने आर्त हंबरडा फोडला.' म्हणून तर माझ्या ड्रॅगनला अक्कलदाढ आहे. जगातल्या कुठल्या ड्रॅगनला अक्कलदाढ आहे, सांगा बरं? ती दुखते म्हणून तो गावं जाळतो, बाकी स्वभावाने गरीब आहे बिचारा.

मग प्रकाशकांकडे खेटे घातले. एक म्हणाले, फार जाड आहे. दुसऱ्यांनी दोन वर्षं ठेवून घेतलं आणि मग विचारलं, तुम्ही नक्की काय दिलं होतंत? तिसरे मात्र सज्जन, चहा पाजला, आणि मग अगदी मऊ आवाजात... असे ते चष्मा पुसत पुसत बोलायचे... 'राजा चांगला उतरलाय हो. फक्त त्याला शहरात आणा आणि कुठेतरी नोकरीला लावा.' घराण्यात नऊशे वर्षं राज्य चालत आलेला माणूस, त्याला मी नोकरीला लावू? म्हटलं, जाऊ दे, आपलं आपण छापू.

आता स्वतः छापायचं म्हणजे छापखाना शोधा. मला सापडला तो औषधाच्या बाटल्यांची लेबलं छापणारा. माणूस कामाला चोख, पण हाताला वळण लेबलाचं. मुखपृष्ठाचा पहिला नमुना आणला, बघतो तर हिरव्या पट्टीवर ड्रॅगन आणि खाली बारीक अक्षरात 'थंड व कोरड्या जागी ठेवा.' ते काढायला लावलं, तर तो हिरमुसला, म्हणाला, रिकामं दिसतंय आता. प्रुफं तपासली बायकोने. तिने शुद्धलेखन वगैरे काही बघितलं नाही, फक्त समासात लिहीत गेली, 'हे सैन्य सहा दिवस उपाशी आहे.' 'राणी कधी झोपते?' 'घोड्याला पाणी दाखवलं का?' आणि खरंच, तुम्हाला सांगतो, अख्ख्या युद्धात मी घोड्याला पाणी पाजलेलं नव्हतं. शेवटी पाचशे प्रती घरी आल्या. पलंगाखाली, माळ्यावर, टीव्हीखाली... आमचा टीव्ही आता इतका उंच गेलाय की मान वर करून बातम्या बघतो आम्ही.

अहो, परत तिथेच उघडलंत? प्रस्तावना सोडून कुठलंही पान! हे घ्या, हा नकाशा बघा, घडीचा आहे, सावकाश उलगडा. हा या पुस्तकाचा जीव. आधी नकाशा, मग गोष्ट. हा काढलाय माझ्या ताईने, ती तेरा वर्षांची होती तेव्हा, आणि मी नऊचा. उन्हाळ्याची सुट्टी, दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत फरशी गार, त्यावर हा एवढा मोठा कागद पसरायचा आणि आम्ही दोघं पालथे पडून. ती काढणार, मी नावं देणार. डोंगर तिचे, नावं माझी. हे बघा, खडखडगड. हे धुरकट. हे उलटपूर, इथले लोक पाठमोरे चालतात. चाळीस गावं आहेत, मोजा हवं तर. आणि ताईचा नियम एकच होता, खोडायचं नाही. शाईनेच काढायचं, चुकलं तरी खोडायचं नाही. मी विचारलं, का? तर कमरेवर हात ठेवून म्हणते, 'गाव खोडलं तर तिथली माणसं कुठे जातील?' तेरा वर्षांची मुलगी हो! ती खोली, ती फरशी, तो शाईचा वास... जाऊ दे.

कागद बाबांचे. बाबा पंप बनवणाऱ्या कारखान्यात होते, ड्रॉइंग तपासायला. म्हणजे दुसऱ्यांनी पंपाचं चित्र काढायचं, आणि यांनी कडक पेन्सिल घेऊन एकेका मापावर बारीक टिक करायची, सगळं बरोबर निघालं की खाली उजव्या कोपऱ्यात लिहायचं, 'तपासलं', आणि सही. रद्द झालेली ड्रॉइंगं घरी यायची. पुढून पंपाचं पोट, मागून आमचं राज्य! बाबा संध्याकाळी यायचे, शर्ट खिळ्याला लावायचे, चहाचा पेला घेऊन पेपर उघडायचे, की संपलं. माणूस शब्दाला महाग. आम्ही पायाशी लोळतोय, मी ओरडतोय की खडखडगड पडला, शत्रू आत घुसला, आणि बाबांचा पेपर हलत नाही. मी मुद्दाम मोठ्याने ओरडायचो. फक्त एकदा त्यांनी वाकून बघावं, एवढंच पाहिजे होतं मला. दुसरं काही नाही.

आता हे तळं बघा. उलटपूरच्या खाली, हे वेडंवाकडं. नाव दिसतंय? नाही ना? चाळीस गावांना नावं, अकरा नद्यांना नावं, आणि तळ्याला नाही. त्या सुट्टीत मला ताप आला होता, तीन दिवस आतल्या खोलीत पडून होतो. उठून बघतो तर नकाशा कपाटाच्या वर चढवलेला आणि ताईचे डोळे रडून लाल. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, 'तळं आलंय तिथे. त्याला नाव द्यायचं नाही.' बस. पुढे शाळा सुरू झाली, ताई वरच्या वर्गात गेली, आणि ती गुंडाळी काही खाली आली नाही. नोकरी लागून ती परगावी निघाली, तेव्हा नकाशा बरोबर नेला आणि मला झेरॉक्स काढून दिली. त्या झेरॉक्सवर हे तळं. आणि तळ्याला लागून हा असा अर्धगोल तट.

आता मला सांगा, 'नाव द्यायचं नाही' असं कुणी लाल डोळ्यांनी सांगितल्यावर लेखकाने काय समजायचं? मी त्यावर अख्खं पुस्तक रचलं! अनाम तळं. जो त्याचं नाव उच्चारेल त्याचा दगड होतो. काठावर अर्धगोल चक्रकोट, तो कुणी बांधला, देवांनाही ठाऊक नाही. या तळ्यासाठी तीन राण्या लढतात, अकरा हजार माणसं पडतात, ड्रॅगनची दाढ त्यातच बुडते. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी लिहायला घेतलं होतं, ते अकरा वर्षांनी संपलं. आणि मग सगळ्यात शेवटी, छापखानेवाला दारात उभा असताना, मी प्रस्तावना लिहिली. तिथे चुकलं. प्रस्तावना सोडून बाकी सगळं मी नीट लिहिलं होतं हो!

काय लिहिलं? आता लपवून काय उपयोग, तुमचं बोट तिथेच आहे. लिहिलं की, 'हे राज्य आमच्या वडिलांच्या पायाशी उभं राहिलं, पण त्यांनी या नकाशाकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही.' लिहिताना बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पन्नाशी उलटून गेली तरी घशाशी अडकलेलं एक वाक्य असतं ना, ते सुटलं. पाचशे प्रतींत सुटलं.

पहिली प्रत ताईला पाठवली. आठ दिवसांनी तिचा फोन. छान आहे म्हणाली, ड्रॅगन आवडला म्हणाली, खडखडगड ते धुरकट चार दिवसांची वाट ठरली होती, तू तीन केलीस म्हणाली. मी म्हटलं, हो, चुकलं. मग म्हणते, 'पण काय रे, चहासाठी एवढी माणसं का मारलीस?'

चहा? कसला चहा? मला वाटलं, ताईचं वय झालं. ती म्हणाली, फोनवर नको, येते. दुसऱ्या रविवारी आली, काखेत गुंडाळी. तीच. जेवायच्या टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर माझीच चार पुस्तकं ठेवली. आणि तुम्हाला सांगतो, माझं तळं... तपकिरी! डाग हो, चहाचा डाग! आणि तो चक्रकोट, जो देवांनाही ठाऊक नाही कुणी बांधला, तो पेल्याच्या बुडाचा गोल! अकरा हजार माणसं मी चहाच्या डागासाठी कापली!

मी म्हटलं, कुणी सांडला? ताई म्हणाली, बाबांनी. तू तापात होतास ना, त्या संध्याकाळी ते कारखान्याच्या कपड्यांतच फरशीवर गुडघे टेकून बसले, एका हातात पेला, एका हातात पेन्सिल, आणि एकेक गाव बघत गेले. मी शेजारी श्वास रोखून. उलटपूरपाशी आले, थांबले, मला विचारलं, 'या गावाला पाणी कुठून येतं?' आणि नीट बघायला वाकले, तो पेला कलंडला. मी रडायला लागले, तर म्हणाले, 'झाली पाण्याची सोय.' मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणे, मला वाटलं बाबा सांगतील. आणि बाबांना वाटलं असणार ताई सांगेल. आमच्या घरात प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्याने सांगितलं असेल. सत्तेचाळीस वर्षं कुणीच सांगितलं नाही.

मी चष्मा लावून नकाशावर वाकलो. धुरकटवर टिक. खडखडगडवर टिक. एवढीशी, कडक पेन्सिलीची, झेरॉक्सच्या बापाला दिसणार नाही अशी. प्रत्येक गावावर. माझ्या प्रत्येक नावावर. एकोणचाळीस टिका, आणि उलटपूरपाशी लिहिलेलं, 'पाणी?' त्याच्यापुढे, डागाच्या वर, वाळलेल्या डागाच्या वर हं, चाळिसावी टिक. म्हणजे कधीतरी त्यांनी कपाटावरून ती गुंडाळी खाली काढली, उरलेलं गाव पुरं केलं आणि परत वर ठेवून दिली. खाली उजव्या कोपऱ्यात, 'तपासलं', आणि सही. ही टिक आणि सही ताईनेही कधी बघितली नव्हती. आम्ही दोघं टेबलाशी बसून ढसाढसा रडलो, आणि बायको विचारत राहिली, अहो पण झालं काय?

झालं काय... पाचशे प्रतींत खोटं छापलं गेलं, ते झालं. छापखानेवाला म्हणाला, पान फाडून दुसरं चिकटवू. ताई म्हणाली, फाडायचं नाही, खोडायचंही नाही. नियम म्हणजे नियम. खाली लिही. मग काय, रोज दवाखान्यात वीस-पंचवीस प्रती घेऊन जायचो आणि पेशंटच्या मधे, शाईच्या पेनने, त्या वाक्याखाली लिहायचो, 'चूक. पाहिलं होतं. चाळीसच्या चाळीस गावं तपासली होती. तळं त्यांनीच दिलं.' पाचशे वेळा. दुसऱ्या प्रतीपासूनच अक्षर बिघडलं, पण एकही वगळली नाही.

आणि आता गंमत बघा. अकरा वर्षं घासून मी ड्रॅगन उभा केला, त्याची अक्कलदाढ उभी केली, घोड्यांना पाणीसुद्धा पाजलं, आणि लोक येतात, प्रस्तावना उघडतात, हाताने लिहिलेल्या त्या दोन ओळी वाचतात, उगाच नाक ओढतात, आणि पुस्तक मिटून परत ठेवतात! पुढचं कुणी उलटून बघत नाही. म्हणून म्हणतो, प्रस्तावना सोडून कुठलंही पान उघडा. काल एक बाई अशाच उभ्या राहिल्या, तुम्ही राहिलात तशाच. वाचलं, डोळे पुसले, आणि मला विचारतात, 'तुमच्या वडिलांचं एखादं पुस्तक आहे का हो?'

म्हटलं, हेच. फक्त छापून आलंय माझ्या नावावर.