टाकीचं कुंपण

गोबरगॅसचं म्हणताय, तर आमच्या शिरूरकडच्या गावातलं ऐका. सरकारी साहेबानं पावसाळ्यात दारोदार फिरून बैलं मोजली आन सगळ्या गावाला मिळून एक टाकी बांधली. ढोरं पडू नयेत म्हणून भोवती लाकडी कुंपण घातलं. दिवाळीनंतर उद्घाटनाला आला, तवर सगळं गाव बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला गेलतं. माझा एसटीडी बूथ, म्हणून मी आन म्हातारी माणसंच मागं राहिलतो.

"टाकीत शेण का नाही?" साहेब तडकला.

सरूआत्या म्हणली, "बैलं कारखान्यावर गेली, बाबा. उद्या आमाला जाळाया गोवऱ्याबी न्हाईत."

साहेबाला हसू आलं.

पौषात आत्या गेली. तिची पोरं तिकडं उसाच्या फडात. शेवटी आमी कुंपणच उपसलं आन तिला जाळलं. त्या गोबरगॅसपायी गावात पेटलेला जाळ तेवढाच.