बारवेतल्या बाईला कुणी ढकललं?

...अगं, पण सांगतेय ना, तनुजा! मागच्या बाकांनीही आत्ताच ऐका, कारण पुन्हा सांगायचं धाडस माझ्याच्यानं होणार नाही, वर्षभर तुम्ही माझा आवाज 'हजर'पुरताच ऐकलाय आणि आज नेमका तास मोकळा! हो, कबूल, शनिवारी मीच तनुजाला म्हणाले होते की त्या भुताच्या गेममध्ये बारवेतल्या बाईला कुणी ढकललं ते सोमवारी वर्गाला सांगते. नाही सांगता येत. पण तुम्हाला सांगते, मी भ्याले नव्हते!

गेम होता विश्वजीतदादाच्या लॅपटॉपवर. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, बिडकीनला कंपनीत असतो, लॅपटॉप रविवारी चारला परत न्यायला येणार, आणि त्या लॅपटॉपची बॅटरी अशी की वायर काढली की डोळे मिटलेच! त्यात गेम असा की देवळात जाऊन दिवा लावला तरच सेव्ह होतो. देऊळ गावाच्या त्या टोकाला, मी बारवेच्या तळाशी, घड्याळात साडेतीन, आणि ती बाई केस सोडून पाण्यातून वर येतेय... अकरा वेळा आली, अकरा वेळा मी पळाले, अकरा वेळा मेले! पण भ्याले नव्हते, पळायचं बटण आपोआप दाबलं जात होतं.

तेवढ्यात मागून वच्छलाआजी. लासूरहून आलीय, गुडघे दाखवायला. चष्मा पुसून बघते तर काय, "अगं बया... केवढं पाणी हाय गं बारवेत!"

"आजी, पाणी काय बघतेस? हडळ बघ ना!"

"हडळ कुठली? पाय सरळ हायेत की तिचे! आसरा हाय ती, पाण्यात गेलेली बाई. पळू नको, पळालं की लई मागं लागती. तिची ओटी भर."

आता लॅपटॉपवर ओटी कशी भरतात? तर गेममधल्या माझ्या पिशवीत पहिल्या दिवसापासून हिरव्या बांगड्या पडलेल्या, मला वाटलं उगाच शोभेला दिल्यात! ठेवल्या पायरीवर. आणि तुम्हाला सांगते... ती थांबली! बांगड्या हातात भरल्या, पदर नीट घेतला, आमच्या शेजारच्या मालनकाकू बसतात तश्शी पायरीवर बसली आणि म्हणाली, "पोरी, त्या दिवशी मी घागर घेऊन उतरले. मागून एक हात आला. तो हात होता..."

"पाणी आलंऽऽ!"

हे ती नाही म्हणाली, अंगणातून माझी आई म्हणाली! आठ दिवसांनी नळ आलेला, पुंडलिकनगरात हे दोन शब्द ऐकले की पाहुणा ताटावरून उठतो, तिथं माझं काय? आई वाऱ्यासारखी आत. "हो बाजूला, मोटार लावू दे!" मी म्हणतेय, "आई, एकच मिनिट, ती नाव सांगतेय!" तर म्हणते, "नाव मग विचार, नळ थांबत नसतो!" आणि ओढली की वायर! मोटारीजवळ बोर्ड एकच आहे हो आमच्याकडे! पडदा काळा... आणि त्या काळ्या पडद्यात मी, हातात बादली.

शेवटचं पिंप भरतंय तोवर दादा दारात. म्हटलं, "दादा, तुला तर माहीत असेल, तिला कुणी ढकललं?" तर एवढा मिशीवाला माणूस, इकडं तिकडं बघून हळूच म्हणतो, "मी नाय खेळलो ब्वा. आपल्याला भेव वाटतं."

घ्या! गेला लॅपटॉप घेऊन. मग राहिली कोण? आजी. रडवेली होऊन तिलाच विचारलं, "आजी, तुला काय वाटतं, कुणी ढकललं असेल?" तिनं पिंपावर झाकण ठेवलं, वर फडकं बांधलं, सावकाश, आणि म्हणाली, "कुनी का ढकलंना. घरात नळ असता तर बाई बारवंवर गेली असती व्हय?"

तेव्हा तनुजा, लिहून घे. खुनी, नळ. आठ दिवसांनी एकदा येतो, कधी येणार ते कुणाला सांगत नाही. पकडायचाच असेल तर पकडा... पण आधी खाली बादली लावा.