राबाची राख

हळू, भाबी, हळू — डबा ठिवताना वाजवू नगा. त्या खोलीत माजी सून हाय, हौसा. जरा आवाज झाला, उजेड पडला का ताठती — मगाशी कुनाच्या हातनं नुसती वाटी पडली, तर अंगाची कमान झाली पोरीच्या, डोकं आन टाचा तेवढ्या गादीला टेकलेल्या. म्हनून तर भर दुपारी खिडकीला काळं कापड लावलंय. डॉक्टर म्हनले, आजी, तुमी रडता, तुमी भाईर बसा. बसले. पर गप बसवत न्हाई. लई भ्याव वाटतं वं. धनुर्वात हाय म्हनं. दातखीळ बसलीय, चमचाभर पानी जाईना आत. तुमचं मालक बरं हायेत न्हवं? मौलालीभाईंचा पाय मोडलाय म्हनला तुमी — मोडू द्या, मोडल्यालं दिसतं तरी.

हे दिसतच न्हाई. डॉक्टर तरना हाय, पर नीट समजावून सांगतो. म्हनला, आजी, त्यो जंतू जखमंतनं हलत न्हाई, एका जागी बसून निसतं इख बनवतो. ते इख शिरंला — रगताच्या न्हवं, अंग हालवनाऱ्या शिरंला — जाऊन चिकटतं. आन शीर काय करती? हाकलून देती? न्हाई — आपनहून आत घेती, पावन्यावानी! आत शिरलं का चढत चढत पार पाठीच्या कन्यापतुर. सकाळी सुई दिली, पुन्यासनं बर्फात घालून आनली व्हती. पर ती दवा भाईर फिरनारं इख तेवढंच धरती. शिरंच्या आत गेल्यालं तिच्या हाती लागत न्हाई. ते आपसूक उतरायचं, चार-सा आठवडं, तवर जीव धरून ठिवायचा. आन जखमंत नवं इख बनतच ऱ्हायलं तर? मग सुई कुठवर पुरायची? म्हनून त्यो जखम हुडकत व्हता. हात बघितलं, पाय बघितलं, केसातबी बघितलं. मला इचारलं, आजी, सुनंला कुठं काय लागलं व्हतं का? म्या म्हनलं, न्हाई.

आता आमच्या बायांच्या टाचा म्हंजी भेगाच भेगा, त्यात बारकं भोक कुठं दिसायचं — म्हंजी असलं तर, असं म्हनते म्या. अशा बघू नगा भाबी माज्याकडं.

लागलं व्हतं. जरासं. तुमी भोरात ऱ्हानाऱ्या, तुमाला राब काय म्हाईत — भाताचं तरू, म्हंजी रोपं, टाकायच्या आदी रानात शेन, फांद्या, पालापाचोळा रचून जाळत्यात, तेला राब म्हनत्यात. जाळल्याच्या दुसऱ्या दिशी ही पोर अनवानी त्यातनं चालली, आन करपल्याला खुंट घुसला. म्या उपसला. तितलीच चिमटभर राख दाबून भरली, चिंधी बांधली. अवं, आमच्या हिर्डोशीत कुनाला कोयता लागू द्या, कुऱ्हाड लागू द्या, समदी ह्या अंबूबाईकडंच येत्यात! सासूनं शिकवल्यालं हाय मला. इस्तवातनं निघाल्याली वस्तू, त्यात काय जित्तं ऱ्हानार? तिसऱ्या दिशी भोक बुजलं सुदिक. म्या म्हनलं, बघ गं, माजी राख. आन आज ह्यो डॉक्टर म्हनतो, त्यो जंतू शेनामातीत कवच करून पडतो, जाळानंबी मरत न्हाई, आन वारं लागंना तितंच तेचं फावतं. म्हंजी म्याच तेला आत कोंडलं की वं.

खुंट घुसला त्याच दिशी नर्सबाई शाळंत आल्या व्हत्या, धनुर्वाताचं टोचायला. हौसा म्हनली, आत्याबाई, जाऊन येऊ का? पाच मिंटाची वाट. म्या म्हनलं, एवढ्याशा खुंटाला सुई? अजून दोन राब भाजायचं हायेत. — ते राबाचं निमित्त व्हतं, भाबी. म्या राख भरायची आन घरची सूनच सुईला गेली, तर गाव काय म्हनंल? एवढंच व्हतं माज्या मनात. गेली न्हाई बिचारी. माजं कवा मोडलं न्हाई तिनं.

आनखी एक हाय. कुनाला सांगितलं न्हाई म्या, देवालाबी न्हाई. खुंट उपसला तवा तेला टोक न्हवतं. म्या डोळ्यानं बघितलं. म्हनलं, आदीच मोडलं आसंल.

कुंडलिक, माजा ल्योक, पाचच्या यष्टीनं उतरंल. तोंड कसं दावू मी तेला? आई, माज्या बायकोला काय केलंस, म्हनला तर? आन डॉक्टरला आता सांगावं तर म्हनंल, म्हातारे, सकाळपास्नं बसलीस आन —

अवं, कुठं उठला? डॉक्टरकडं? बसा की! पाया पडते तुमच्या, बसा, कुंडलिक येस्तवर तरी — न्हाई. थांबा. जावा. डबा हितंच ऱ्हाऊ द्या. डावी टाच म्हना. टाचंच्या आतल्या अंगाला, मोठ्या भेगंच्या वर. टोक आत हाय म्हना, राखबी हाय. आन इचारलं कुनी भरली — तर सासूनं म्हना, नाव सांगा माजं. जावा, पळा — न्हाई न्हाई, पळू नगा, चपला वाजत्यात. काढा त्या चपला, हातात घ्या, आन जावा.