ओढ्याच्या पुलावर वाजलेली धून

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, ज्यांच्या हातची छडी मी खाल्ली आहे ते आदरणीय बाजीराव गुरुजी. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती हौशीराम मास्तर. शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या सहधर्मचारिणी मुक्ताबाई मावशी. नवरंग ब्रास बँडची आजी-माजी वादक मंडळी. आणि आपापली कामं टाकून वडगावच्या या सभागृहात आलेल्या माझ्या मावळकर बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. गुरुजींनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेही मी पाहिलं. वर्गातसुद्धा ते असंच करायचे.

मी कैलास, सुदुंबऱ्याचा. मी गाणारा नाही, वाजवणारा तर नाहीच. कारखान्यात कॉम्प्रेसर तपासायचं माझं काम. यंत्र चालू करायचं, कान लावायचा, आत कुठे खरखर होते का ते ऐकायचं. अशा माणसाला आज संगीतावर का बोलायला लावलं? त्याला कारण आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी बेडशाला माझं लग्न झालं, त्या लग्नात मास्तरांचा नवरंग बँड होता, आणि घोड्यावर मी होतो.

पण आधी मास्तरांच्या कामाची रीत सांगतो, कारण नव्या पोरांना ती खरी वाटणार नाही. नवा सिनेमा लागला की मास्तर आणि ट्रम्पेटवाले सोपानभाऊ लोणावळ्याच्या टॉकीजला जायचे. कशाला? गाण्यांसाठी नव्हे! गाण्यांची कॅसेट बाजारात मिळायची, ती सगळेच बँडवाले आणायचे. मास्तर जायचे ते गाण्यांच्या अधलंमधलं संगीत आणायला. लोक बोलत असतात, चालत असतात, दार उघडत असतं, तेव्हा मागे काहीतरी वाजत असतं ना, ते. त्याची कॅसेट निघायची नाही. ते फक्त तिथे, त्या अंधारात मिळायचं.

मास्तर कडेच्या खुर्चीवर, भोंग्याच्या खाली बसायचे, आणि डोळे मिटायचे. पूर्ण तीन तास. बोटं मांडीवर चालू, जशी क्लॅरिनेटवर चालतात तशी. सोपानभाऊंनी एकदा विचारलं, "मास्तर, तिकीट काढून आंधळं व्हून का बसता?" मास्तर म्हणाले, "डोळं उघडं ठेवलं की कान निम्मंच ऱ्हात्यात." बाहेर पडताना दोघं कानात कापसाचे बोळे घालायचे. वडगाव स्टेशन येईपर्यंत एकमेकांशी चकार शब्द नाही. डब्यात कुणी दुसरं गाणं गुणगुणलं तर आणलेलं सांडेल ना! इथे उतरले की घरी न जाता सरळ तालमीच्या खोलीवर.

हसू नका, सोपानभाऊ. तुम्हीच सांगितलंय मला हे.

तर माझं लग्न. मारुतीच्या पाया पडून आमची मिरवणूक मांडवाकडे निघाली. पोरं नाचत होती, धुरळा उडत होता. ओढ्याच्या पुलावर आलो आणि बँड थांबला. मला वाटलं, वादक पाणी प्यायला थांबले असतील. तेवढ्यात मास्तरांनी एकट्यानं क्लॅरिनेट लावलं.

आता ते कसं सांगू? मी यंत्राचा आवाज सांगू शकतो. हे मला आजही सांगता येत नाही. एक सूर आला आणि बराच वेळ हललाच नाही. मग तो हळूच खाली उतरला, आणि त्याच्या मागून सोपानभाऊंचं ट्रम्पेट आलं, अगदी दबक्या आवाजात, लग्नात कधी न ऐकलेलं. नाचणारी पोरं हात वर तसेच ठेवून उभी राहिली. घोडा थांबला. समोरच्या डोंगरावरून, वर लेण्यांच्या बाजूनं, तो सूर परत येत होता. माझे चुलते अंबाजी आबा गर्दीतून पुढे आले आणि ओरडले, "आरं, ह्यो काय वाजीवतोय? ह्येच्यावर नाचायचं कसं?" एवढं बोलले, आणि पुलाच्या कठड्याला टेकून ऐकत उभे राहिले. आबांना कुणाचं ऐकून घेताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जगात असं काही असतं हे मला पंचविसाव्या वर्षी, फेटा बांधलेल्या अवस्थेत कळलं.

लग्नानंतर चार दिवसांनी मी मास्तरांना गाठलं. "मास्तर, ती धून कुठल्या पिक्चरमधली?" मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "विसारलो." पुढच्या वर्षी विचारलं, "विसारलो." लोकांच्या लग्नात फर्माईश केली, तर त्यांनी दुसरंच काहीतरी वाजवलं. सोपानभाऊंना विचारलं, तर ते नेमके त्या पिक्चरला गेलेच नव्हते, मास्तरांनी बसवून घेतलं तेवढं त्यांनी वाजवलेलं. मला राग आला. वाटलं, मोठा कलावंत आहे, आपल्यासारख्या कामगाराला कशाला सांगेल?

मग मीच शोधायला लागलो. सुट्टी आली की टॉकीज. सविता, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, तिसऱ्या रांगेत बसल्यात, त्या म्हणायच्या, "पिक्चर बघताय का तपासताय?" आणि खरं सांगतो मंडळी, ती धून सापडली नाही, पण जे सापडत गेलं त्यानं मी चकित होत गेलो. एका सिनेमात बाप मुलीचं पत्र वाचतो, आणि मागे एक वाद्य असं वाजतं की जणू त्याच्याच छातीतून येतंय. सोपानभाऊंना विचारलं, तेव्हा कळलं, त्याला चेलो म्हणतात, व्हायोलिनचा थोरला भाऊ. एकात रिकाम्या घरातून बाई फिरते, आणि मागे नुसतं जलतरंग. एकात पन्नासेक माणसं एकत्र गातात आणि त्या गाण्यात शब्दच नाहीत! मी लहानपणापासून सिनेमे बघत आलो. गाणं लागलं की आम्ही गप्प, गाणं संपलं की बोलणं सुरू. एवढं सगळं मागे वाजत होतं आणि आम्ही शेंगा फोडत बसलो होतो! त्यातून मी सारंगी ऐकायला लागलो, सरोद ऐकायला लागलो, जिथल्या लोकांची भाषा कळत नाही तिथलंही संगीत ऐकायला लागलो. शिकवणी नाही, गुरू नाही. तो एक पूल, आणि तिथून पुढे सगळा रस्ता.

दोन वर्षांपूर्वी, रविवारी दुपारी, मी परसात गाडी धूत होतो. आत टीव्हीवर आमची मुलगी अमृता कुठलासा जुना सिनेमा बघत होती. आणि तो सूर आला. तोच, न हलणारा. मी पाइप तसाच टाकून ओल्या पायांनी आत धावलो.

पडद्यावर तिरडी निघाली होती.

गुरुजी, घड्याळ बघू नका. आता मूळ गोष्ट आली.

माझ्या लग्नाच्या मिरवणुकीत मास्तरांनी सिनेमातलं मयताचं संगीत वाजवलं होतं. डोळे मिटून आणलेलं ना! त्यांना काय माहीत, पडद्यावर कोण मेलंय. मी सोफ्यावर बसलो. सविता पदराला हात पुसत आली, तिनं पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माणूस मेलंय पिक्चरमदी. सूर कुटं मेलाय?"

मला हसूच फुटलं. म्हटलं, ही गंमत मास्तरांना कधीतरी सांगायची. मागच्या महिन्यात या समारंभाचं आमंत्रण घेऊन त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मोठ्या हौसेनं सांगितली. मास्तर हसले नाहीत. हातातला कप त्यांनी खाली ठेवला आणि म्हणाले, "कळलं म्हंजी तुला."

त्यांना माहीत होतं. सत्तावीस वर्षं माहीत होतं. लग्नाच्याच दिवशी, पंगतीत, लोणावळ्याच्या कुणा पाहुण्यानं त्यांना ते सांगितलं होतं. मास्तर भरल्या ताटावरून उठले होते. आणि मंडळी, हे मी सविताला विचारूनच सांगतोय, लग्नानंतर वर्षभरानं आमचं पहिलं बाळ जन्मलं आणि आठव्या दिवशी गेलं. ती बातमी वडगावात पोचली. मास्तर मला म्हणाले, "कैलास, मी तुज्या लग्नात मयत वाजीवलं. तवापास्नं पिक्चरला गेलो न्हाई. तुज्या आळीनं सुद्दा गेलो न्हाई."

ज्या माणसामुळे मला एवढं मोठं जग ऐकू आलं, तो माणूस त्याच धुनेपायी सत्तावीस वर्षं स्वतःला गुन्हेगार समजत होता. आणि मी त्याला घमेंडखोर समजत होतो. मास्तर, मला त्याची लाज वाटते.

मी घरी आलो आणि सविताला सांगितलं. तिनं सगळं दोनदा विचारून घेतलं. मग तिनं तुमच्यासाठी निरोप दिला. माइकवर यायला ती लाजते, म्हणून तिचेच शब्द सांगतो. "मास्तरास्नी म्हनावं, बाळ माजं व्हतं. ते का गेलं ते डाक्टरांनी मला सांगितलंय. तुमचा काय बी संबंध न्हाई. उलट अमृता रडायला लागली की मी मांडवातनं ऐकल्याला त्योच सूर धरायची. दुसरं मला येतंय काय? त्या सुरावर पोर निजायची."

मास्तर, रडू नका. मावशी, त्यांना पाणी द्या.

ज्या सुरावर माझी मुलगी झोपली, तो सूर मयताचा कसा असेल? पुढचे दात हलायला लागले म्हणून तुम्ही आजपासून क्लॅरिनेट खाली ठेवताय. ठेवा. शाल-श्रीफळाशेजारी त्याला हार घालून ठेवलंय, ते मी पाहतोय. पण तो हार आधी बाजूला करा. सोपानभाऊंनी ट्रम्पेट पिशवीतून आणलंय, मीच आणायला सांगितलं होतं. मास्तर, आज एकदा वाजवा, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून वाजवा. तिसऱ्या रांगेकडे बघत वाजवा.

अध्यक्ष महाराज, माझी पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली, तरी तुम्ही घंटी वाजवली नाहीत, त्याबद्दल तुमचे आभार. आयोजकांचे आभार, शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर आपलाच समजून पोटात घाला. मास्तर, माफी मागायची ती मी मागितली. तुम्ही मागू नका. तुमचं त्या दिवशी काही चुकलंच नव्हतं.